चारी बांध सारखे

खळ्यावरचं शेवटचं पोतं शिवून झालं आणि दोरीवाल्याच्या घरचं दरवर्षीचं भांडण तिथंच सुरू झालं. भांडण आपलं म्हणायचं म्हणून. भांडायला दोघं लागतात, आणि इथे बोलणारा एकटा दोरीवालाच. त्याची बायको मांडीवर चाळणी घेऊन खाली मान घालून गहू चाळत बसली होती. वारा असा गरम सुटला होता की भुसा अंगाला चिकटून घामात भिजत होता, आणि त्यात नवऱ्याचं तोंड.

"तेच रान, तेच बी, वरून पडणारं पाणीही तेच," दोरीवाला पोत्यावर हात आपटत म्हणाला. "बांधापलीकडं धाकट्या भावाची पाच पोती होतात तेव्हा आपली चार. दर साली! आता रानाला विचारावं तर रान काही बोलत नाही. मग दोष कुणाचा म्हणायचा?"

चाळणी नुसती हलत राहिली.

"तुझ्या मुठीचा. पेरताना पाभरीच्या चाड्यात बी सोडायला तूच मूठ धरतेस ना? मग तुझ्या मुठीलाच बरकत नाही."

"पाखरांनी खाल्लं असेल बाबा," त्याची लेक मध्येच म्हणाली. तिला सगळे ठिणगी म्हणत, आणि ते उगाच म्हणत नसत.

"पाखरं काय बांध बघून उतरतात? काकाच्या रानात उपास आणि आपल्या रानात जेवण?"

यावर खळ्यावरची माणसं हसली. दोरीवाल्याला तेच हवं असायचं. बायकोचं उणं काढायचं तर चार माणसांत, नाहीतर त्याला चव येत नसे. माणूस वाईट होता असं नाही. आसपासच्या भावाभावांच्या वाटण्या त्याच्याच दोरीनं झालेल्या. काठी-काठीच्या अंतरावर गाठी मारलेली ती दोरी घेऊन तो बांधावर उभा राहिला की तंटा करणारेही गप्प बसत. समोरासमोरचे दोन बांध मोजायचे, त्यांची सरासरी काढायची, दुसऱ्या दोघांचीही काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. एवढी त्याची विद्या. ती त्याला त्याच्या बापाकडून आली होती आणि बापाला कुणाकडून हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

स्वतःच्या घरची वाटणीही त्यानं तशीच केली. वरचा तुकडा आणि ओढ्याकडचा तुकडा, दोन्हींचे चारी बांध सारखे. लांबीला चाळीस काठ्या, रुंदीला तीस. "मोजणाऱ्यानं आधी उचलू नये," म्हणून त्यानं धाकट्या भावाला पहिली निवड दिली. धाकट्यानं वरचा सरळ चौकोनी तुकडा घेतला, आणि ओढ्यामुळं तिरपा झालेला दोरीवाल्याकडं आला. तेव्हापासून हे पाच आणि चार.

बायकोच्या मुठीची कीर्ती मात्र गावभर झाली. पेरणीच्या दिवसांत बायका एकमेकींकडं जायच्या, पण ठिणगीच्या आईला कुणी बोलवत नसे. तोंडावर कुणी काही म्हणायचं नाही. "तुम्ही कशाला उन्हात येता, बसा घरी," एवढंच. आई घरी बसायची आणि रिकाम्या हातांनी काहीतरी निवडत राहायची. ते बघून ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, पण बोलावं तर काय बोलावं? पोती तर खरंच चार होती.

तिचं स्वतःचंही काही धड चाललं नव्हतं. दहावीत गणितानं तिला पुन्हा पुन्हा आपटलं होतं. बाकीचे विषय सुटले, गणित काही सुटेना. शेवटी बांधापलीकडच्या काकांच्या सुनेनं तिला शिकवायचं पत्करलं. ही सून शहरात पुष्कळ शिकलेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं ते राहून गेलं. ती राहिलेली सगळी शाळा आता तिनं ठिणगीवर काढली, म्हणून ठिणगी तिला शाळावहिनी म्हणे.

त्या दुपारी काकांच्या धान्याच्या खोलीत दोघी बसल्या. वर पत्रा तापलेला, खाली पाटी.

"तीन क्ष अधिक सात बरोबर बावीस. सोडव."

ठिणगीनं खडू चालवला. सात पलीकडं नेला, बावीसमध्ये मिळवला, एकोणतीस झाले, तिनानं भागले. "पावणेदहाच्या आसपास."

"आसपास?" शाळावहिनीनं कपाळाला हात लावला. "अगं, गणितात आसपास नसतं! आणि मधल्या पायऱ्या कुठं आहेत? उत्तर काय आभाळातून पडलं?"

"मनात केल्या."

"तुझ्या मनात जे होतं ते तपासणाऱ्याला कसं दिसायचं? सात पलीकडं गेला की चिन्ह बदलतं, किती वेळा सांगू?"

"का म्हणून बदलतं? बांध ओलांडला म्हणून माणूस बदलतो का?"

"माणसाचं सोड. तराजू धर. दोन्ही पारडी सारखी आहेत. या पारड्यातले सात काढलेस, तर त्या पारड्यातलेही सात काढायला नकोत? तू इकडून काढतेस आणि तिकडं आणखी घालतेस! कुठला वाणी तुला दुकानात उभी करील?"

ठिणगीनं चिडून फडकं मारलं, पुन्हा लिहिलं. बावीस वजा सात, पंधरा. तीन क्ष बरोबर पंधरा. क्ष बरोबर पाच. बरोबर आलं तेव्हा तिला आनंद झाला नाही, उलट रागच आला. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं रडवलं कशाला?

"आता भूमिती," शाळावहिनी म्हणाली. "समांतरभुज चौकोन. पाया दहा, तिरपी बाजू पाच. ती बाजू तीननं कललेली आहे. क्षेत्रफळ काढ."

हे मात्र ठिणगीला पाठ होतं. दोरीवाल्याचीच लेक ती. क्षणात लिहिलं, पन्नास.

"चूक."

"अहो, दहा पाचे पन्नास!"

"पाढा बरोबर आहे, उत्तर चूक आहे. तिरपी बाजू घ्यायची नाही, उंची घ्यायची. दर वेळी हेच करतेस तू! परीक्षेत इथंच बुडतेस."

"माझ्या बाबांनी अर्ध्या गावाची रानं अशीच मोजली," ठिणगीचा आवाज चढला. "सगळा गाव येडा आणि तुमचं पुस्तक तेवढं शहाणं?"

शाळावहिनीही काही कमी तापट नव्हती. ती ताडकन उठली, चुलीजवळच्या सरपणातून चार सारख्या काटक्या घेऊन आली आणि टोकांना सुतळी बांधून चौकट केली. चौकट जमिनीवर सरळ ठेवली. पोत्यातून ओंजळभर गहू काढून आत एकच थर पसरला, काठोकाठ.

"भरलं का रान?"

"भरलं."

"आता ढकल. काटकी मोडू नकोस, नुसती तिरपी कर."

ठिणगीनं एका कोपऱ्याला बोट लावून ढकललं. चौकट कलली, आणि आतले दाणे एकमेकांवर चढायला लागले.

"एक थर ठेवायचा आहे. मावत नाहीत ते बाहेर काढ."

ठिणगीनं दाणे बाहेर काढले. आणखी ढकललं, आणखी काढले. शेवटी काटक्या काटक्यांना चिकटल्या आणि मध्ये दाणा शिरायला जागा उरली नाही.

"चारी बांध सारखेच आहेत ना?" शाळावहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "एक काटकी तरी लहान झाली का? मग पेर की आता यात गहू!"

ठिणगी त्या मिटलेल्या चौकटीकडं बघत राहिली. बाहेर सांडलेले दाणे तिनं मुठीत गोळा केले आणि तशीच बसली. शाळावहिनीला वाटलं, चला, आज एक धडा पक्का झाला. त्या दाण्यांवरून पोरीच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी बाप बाजाराला गेलेला बघून ठिणगीनं खुंटीवरची दोरी काढली आणि रानात गेली. कापणीनंतरची भुई उन्हानं तडकली होती, धसकटं पायाला टोचत होती. काकांच्या रानाची कड सरळ होती, बांधाला अगदी काटकोनात. ती कड तशीच खाली आपल्या रानात आली तर कुठं येईल, हे तिला बघायचं होतं. मधोमध पेंढ्यांची गंज उभी, त्यामुळं दोरी सरळ ओढता येईना. मग तिनं काकांच्या कडेला दोन उंच बांबू रोवले आणि ओढ्याकाठच्या बांधावरून मागं-पुढं सरकत, दोन्ही बांबू गंजीवरून एकामागं एक दिसतील अशी जागा धरली. तिथं खुंटी ठोकली. त्या खुंटीपासून आपल्या रानाच्या कोपऱ्यापर्यंत बांधाबांधानं दोरी टाकली. अठरा काठ्या.

दुपारी ती शाळावहिनीपुढं बसली. "एक गणित आहे. पाया चाळीस, तिरपी बाजू तीस, अठरानं कललेली."

"सोडव मग. पायऱ्यांनी हं!"

"उंची क्ष मानू," ठिणगी म्हणाली आणि लिहू लागली. काटकोन त्रिकोण काढला. कर्ण तीस, एक बाजू अठरा, दुसरी क्ष. क्षचा वर्ग अधिक अठराचा वर्ग बरोबर तीसचा वर्ग. क्षचा वर्ग अधिक तीनशे चोवीस बरोबर नऊशे. इथं ती थांबली. खडू हवेत.

"तराजू," शाळावहिनी पुटपुटली.

"कळलंय, बोलू नका." दोन्ही पारड्यांतून तीनशे चोवीस काढले. क्षचा वर्ग बरोबर पाचशे शहात्तर. मग वर्गमूळ. वीस विसा चारशे, कमी पडले. पंचवीस पंचवीस सहाशे पंचवीस, जास्त झाले. चोवीस चोक शहाण्णव, हातचे नऊ, असं करत ती चोवीसला पोचली आणि पाटीवर जोरात लिहिलं. उंची चोवीस. क्षेत्रफळ चाळीस गुणिले चोवीस, नऊशे साठ.

"शाबास गं माझी बाई!" शाळावहिनीला धन्य धन्य वाटलं. "एकही पायरी सोडली नाहीस. कुठल्या पुस्तकातलं गणित हे?"

"पुस्तकातलं नाही. ओढ्याकडच्या रानातलं आहे, आमच्या."

शाळावहिनीचं हसू तोंडावरच राहिलं.

"आणि तुमचं सरळ आहे," ठिणगी सावकाश म्हणाली, "म्हणून चाळीस गुणिले तीस. बाराशे. आमचं पाचातल्या एका हिश्श्यानं कमी. तुमची पाच पोती होतात तेव्हा आमची चार. माझी आई जन्मभर काय ऐकते आहे, ते तुम्हीही ऐकता ना रोज बांधावरून?"

शाळावहिनीनं दाराबाहेर बघितलं, मग दार लोटून घेतलं. "खोडून टाक ते."

"काय?"

"खोड म्हणते ना! मामंजींना कळलं की मी हे शिकवलं, तर माझी धडगत नाही. उद्या तुम्ही जमीन मागाल."

"जमीन कोण मागतंय? आईच्या मुठीवरचं बोलणं थांबायला हवं, बस्स. काल दिवसभर पायरी लिही, पायरी लिही म्हणून माझ्यावर ओरडलात, आणि आज सगळ्या पायऱ्या बरोबर आल्या तर खोडून टाकू?"

ठिणगीनं काटक्यांची ती चौकट उचलली, मूठभर गहू घेतला आणि बांध ओलांडून घरी आली.

बाप नुकताच बाजारातून येऊन टेकला होता. ठिणगीनं चौकट त्याच्यापुढं ठेवली, दाणे पसरले आणि सांगायला लागली. पण दोरीवाल्याला शिकवणं म्हणजे खडकावर नांगर. पहिल्याच पायरीला अडला. "उंची? रानाला कसली उंची? रान काय झाड आहे?" ते समजावलं तर, "तिरप्या बांधावरून मी चालतो, तो तीसच भरतो, मी काय खोटं बोलतो?" ते समजावलं तर, "तुला दहावी सुटेना, आणि तू माझी दोरी चुकीची म्हणतेस?" ठिणगीला वाटलं, या माणसाला सांगण्यापेक्षा दहावी दहादा द्यावी. तिनं डोळ्यात आलेलं पाणी रागानं पुसलं आणि चौकट त्याच्या हातात कोंबली.

"मी नाही बोलत. तुम्हीच ढकला."

दोरीवाल्यानं ढकललं. दाणे बाहेर आले. त्यानं चौकट सरळ केली, दाणे पुन्हा आत भरले, पुन्हा ढकललं. मग दुसऱ्या बाजूला ढकलून बघितलं, जणू तिकडून तरी मावतील. नाही मावले. त्याचा हात चौकटीवर तसाच राहिला. कुठल्या कुठल्या भावांच्या तिरप्या वाटण्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या असतील ते त्यालाच ठाऊक. चेहरा पार उतरला.

"बाहेर बोलू नकोस कुठं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

दाराशी आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मग माझी मूठ?" तिनं विचारलं.

एवढंच विचारलं. आता बाप काय म्हणतो? चुकलं म्हणेल, किमान गप्प तरी बसेल. पण दोरीवाल्याच्या कपाळावर हळूहळू आठी चढली आणि त्याचा जुना आवाज परत आला.

"म्हणजे रान लहान, आणि बी तू मोठ्या रानाचं घालत होतीस! दर साली पाचवा हिस्सा बी मातीत घातलंस की गं तू! दाट पेरून पीक मारलंस!"

ठिणगीला हसावं की डोकं आपटावं कळेना. इकडचं पद तिकडं न्या नाहीतर तिकडचं इकडं आणा, या घरात दोष आईच्याच पारड्यात पडायचा.

पण आई हलली. चौकटीजवळ येऊन बसली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "बी मापून कोण देत होतं?"

दोरीवाल्यानं चौकट बाजूला सारली.

"उरलं तर मी परत आणत होते, तेव्हा चाड्यात घाल म्हणून अंगावर कोण येत होतं?"



आई उठली. पदर खोचला आणि सरळ बांधाकडं निघाली. काकांच्या खळ्यावर मळणी चालू होती, मशीन नुकतंच थांबलं होतं, बायका-माणसं सावलीला बसली होती. ठिणगी मागं धावली. आई बांधावर उभी राहिली. जन्मात कधी वर न चढलेला तिचा आवाज आता सगळ्या खळ्यावर गेला.

"भावजी, आमचं रान तुमच्यापेक्षा पाचव्या हिश्श्यानं लहान आहे. वाटणीला दोरी चुकली. मला तुमची जमीन नको, पण माझ्या मुठीचं नाव यापुढं कुणी काढायचं नाही."

काका गोंधळून उठले. "वहिनी, हे काय? घरातलं घरात बोलावं की!"

"माझी मूठ तुम्ही सगळे काढत होतात ती घरात बसून काढत होतात का? खळ्यावरच ना, चारचौघांत, हसून?"

काकांनी इकडं तिकडं बघितलं. "हे असलं डोक्यात घातलं कुणी?"

धान्याच्या खोलीचं दार उघडलं. शाळावहिनीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती बाहेर आली. "मी शिकवलं," ती म्हणाली. "आणि बरोबर आहे ते. कुणाला तपासायचं असेल तर पाटीवर पायऱ्या आहेत सगळ्या, मी खोडल्या नाहीत."

तेवढ्यात बायकांमधून एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, आमचाही तुकडा तिरपाच आहे की!" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कुणाच्या दिराकडं सरळ रान, कुणाच्या चुलत्याकडं. ज्याचा त्याचा बांध ज्याला त्याला आठवला.

आई तिथं थांबली नाही. घरी आली आणि चाळणी घेऊन बसली. बांधावरचा गलका घरापर्यंत ऐकू येत होता. दोरीवाला भिंतीला टेकून बसला होता, गुडघ्यात मान घालून.

"फिरवलंस ना पाणी माझ्या नावावर," तो म्हणाला. "आता मोजायला कोण बोलावणार मला?"

"नाही बोलावलं तर घरी बसा," आई गहू चाळत म्हणाली. "मला तरी कोण बोलावत होतं पेरायला? मी बसलेच ना."